दोन धातूंचा सांधा

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम राजे येतात, मग लढाया येतात आणि त्यांच्यामागून सनदा, बखरी व महजर येतात. खानदेशचा इतिहासही आपण याच क्रमाने शिकलो. थाळनेर आणि बुऱ्हाणपूरचे फारुकी सुलतान, त्यांच्यानंतर मोगल, मग मराठे आणि 1818 नंतर इंग्रज, ही साखळी आपणांपैकी बहुतेकांस पाठ असते. ज्या धुळे शहरात इतिहासाचार्य राजवाडे यांनी 1926 साली देह ठेवला आणि जेथे 1927 साली त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले, त्या शहराला जुन्या कागदांचे मोल आम्ही वेगळे सांगण्याची गरज नाही. परंतु समाजाच्या जीवनात अशाही पुष्कळ गोष्टी असतात की ज्यांची सनद कोणी लिहून दिली नाही आणि ज्यांची बखर कोणी लिहिली नाही. घागरीचा काठ तिच्या पोटाला कसा जोडला, कुऱ्हाडीच्या मऊ लोखंडाला पोलादाची धार कशी बसवली, तांब्याच्या पातेल्याला आतून कथील कसे धरले, हे कोणत्याही दप्तरात सापडत नाही. ते कारागिराच्या हातात असते आणि तो हात थांबला की त्याच्याबरोबर जाते.

आज आम्ही या इतिहासातील एकच प्रकरण आपणांपुढे मांडणार आहोत. ते म्हणजे दोन भिन्न धातूंचा सांधा. तांबट व कल्हईवाले यांच्यापासून आजच्या घर्षणजोडापर्यंत, आणि त्या घर्षणजोडाला विजेचे साहाय्य देण्याच्या अगदी अलीकडील प्रयोगांपर्यंत ही एकच अखंड कथा आहे, असे आमचे म्हणणे आहे.

प्रथम आपल्या भूमीकडे पाहू. तापी आणि गोमाई यांच्या संगमावरील प्रकाशा हे गाव आपणांस यात्रेसाठी ठाऊक आहे. ते पूर्वी धुळे जिल्ह्यात होते. 1998 साली नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तेव्हा तिकडे गेले. या गावच्या पांढरीत 1955 साली पुरातत्त्व खात्याच्या वतीने बा. कृ. थापर यांनी उत्खनन केले. चाळीसगाव तालुक्यात गिरणेच्या काठी बहाळ येथेही त्याच दशकात म. ना. देशपांडे यांनी उत्खनन केले. दोन्ही ठिकाणी खाली ताम्रपाषाण युगाची वस्ती, रंगीत मडकी, दगडाची बारीक पाती आणि थोडे तांबे. आणि त्याच्या वरच्या थरांत लोखंड, असा क्रम आढळला. म्हणजे या खोऱ्यांतील माणसाने प्रथम तांबे हाताळले आणि कित्येक शतकांनी लोखंड हाताळले. एका घरात दोन धातू आले की ते एकमेकांस जोडावे कसे, हा प्रश्न आज ना उद्या उभा राहणारच.

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. लोखंडाला लोखंड जोडणे ही एक गोष्ट. लोहार दोन तुकडे पांढरे होईपर्यंत तापवितो, वर थोडी वाळू किंवा टाकणखार टाकतो आणि घणाचे घाव घालतो. दोन्ही तुकडे एकजीव होतात. दिल्लीचा लोहस्तंभ असाच लोखंडाचे गोळे ठोकून सांधीत सांधीत उभा केलेला आहे. आपल्या उत्तरेस सातपुडा आणि विंध्य ओलांडला की धार नगरी लागते. तेथे तुकड्यांत पडलेला लोहस्तंभही याच विद्येची साक्ष देतो. परंतु तांबे आणि लोखंड, तांबे आणि कथील, तांबे आणि ॲल्युमिनियम यांची प्रकृती निराळी. एक धातू लवकर वितळतो, दुसरा उशिरा. एक तापल्यावर अधिक फुगतो, दुसरा कमी. आणि सर्वांत मोठी अडचण अशी, की दोघे एकत्र आले म्हणजे त्यांच्यामध्ये एक तिसराच पदार्थ जन्मास येतो. त्याचे गुण ना या धातूसारखे, ना त्या. सांध्याचे सारे भवितव्य या तिसऱ्याच्या हाती असते.

कल्हईचे उदाहरण घ्या. तांब्यापितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवला की तो कळकतो, हे आपल्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांना शास्त्र न शिकताही ठाऊक होते. त्यावर उपाय म्हणजे आतून कथलाचा लेप. कल्हईवाला गल्लीत खड्डा करून भट्टी लावी, भात्याने निखारे फुलवी, भांडे तापले की त्यात नवसागराची पूड टाकी; पांढरा धूर उठे. मग कथलाची कांडी टेकवावयाची आणि कापसाच्या बोळ्याने झपाट्याने घासून सर्वत्र पसरवावयाची. क्षणार्धात काळसर भांडे चांदीसारखे चमके. रस्त्यातल्या मुलांना ही जादू वाटे. परंतु हिच्यातली प्रत्येक क्रिया सकारण होती. तांब्यावर हवेमुळे ऑक्साइडचा पातळ पापुद्रा असतो. तो असेपर्यंत कथील तांब्याला स्पर्शही करू शकत नाही. नवसागर तापला की त्यातून निघणारे आम्ल हा पापुद्रा खाऊन टाकते. कथील 232 अंश सेल्सिअसला वितळते आणि तांबे 1085 अंशांना, म्हणून तांबे घन राहते आणि कथील त्याच्यावर वाहते. बोळ्याचे घासणे उरलेली मळी दूर करते आणि लेप सारखा पातळ करते. आणि या दोहोंच्या सीमेवर तांबे व कथील यांचे एक संयुग तयार होते. तेच कल्हईला घट्ट धरून ठेवते. ते झाले नाही तर कल्हई सोलून निघते. मात्र भांडे फार वेळ तापत राहिले तर ते संयुग जाड होते. आणि ते ठिसूळ असल्यामुळे जाड झाले की घात करते. म्हणून चांगल्या कल्हईवाल्याचा हात जलद चाले. त्याने ‘आंतरधातू संयुग’ हा शब्द कधी ऐकला नव्हता. पण त्याची जाडी किती ठेवावयाची, हे त्याला कळत होते.

आता सोनाराकडे चला. जळगावच्या सराफ बाजाराचे नाव महाराष्ट्रभर आहे. तेथल्या सोन्याचा सर्वांत नाजूक भाग कोणता, असे विचाराल तर तो डाख होय. साखळीच्या कड्या जोडावयाच्या तर मूळ सोन्यापेक्षा लवकर वितळणारे मिश्रण लागते. म्हणून सोन्यात तांबे, रुपे इत्यादी मिसळून डाख करीत. परंतु त्यामुळे दागिना मोडावयास नेला की डाखाच्या मानाने कस उतरे आणि गिऱ्हाईक व सराफ यांची तक्रार होई. यावर तोड म्हणून पुढे कॅडमियम मिसळलेला डाख आला. तो थोडा पुरे आणि कस फारसा उतरू देत नसे; बाजारात ‘केडीएम’ या तीन अक्षरांनी तो ओळखला गेला. पण कॅडमियम 767 अंशांनाच उकळून वाफ होते आणि ती वाफ फुप्फुसांना व मूत्रपिंडांना घातक आहे. गिऱ्हाइकाच्या सोन्याचा कस राखला गेला आणि त्याची किंमत फुंकणी तोंडाला लावून बसलेल्या कारागिराच्या छातीने दिली. आपल्या गळ्यातील दागिन्याच्या सांध्याशी कोणाचे तरी आरोग्य बांधलेले असते, हे आपण ध्यानात ठेवावे. पुढे हा डाख वर्ज्य ठरला, हे योग्यच झाले.

येथवर आपण हातभट्टीच्या जगात होतो. खानदेशात आगगाडी आली आणि हे जग बदलले. मुंबईहून निघालेला लोहमार्ग 1865 साली थळ घाट चढून वर आला, भुसावळ हे मोठे जंक्शन झाले आणि 1870 साली खांडव्यावरून जबलपूरकडचा मार्ग जोडला जाऊन मुंबई-कलकत्ता आगगाडी सुरू झाली. 1900 साली चाळीसगाव-धुळे फाटा आणि सुरतेकडून येणारी तापी खोऱ्याची रेल्वे ही दोन्ही कामे पुरी झाली. या मार्गांबरोबर इंजिने, बॉयलर, कापसाच्या जिनिंगचे कारखाने आणि त्यांची दुरुस्ती करणारे कामगार आले. बैलगाडीच्या चाकाला धाव चढविणाऱ्या लोहाराचा मुलगा रिव्हेट ठोकू लागला.

या नव्या जगात घर्षण हा उघड शत्रू होता. बैलगाडीची आस कुरकुरली तर शेतकरी वंगण घालून मोकळा होई. परंतु आगगाडीच्या डब्याची आस वंगणावाचून तापली तर ती लाल होऊन तुटू शके आणि गाडी रुळांवरून उतरू शके. म्हणून स्टेशनास्टेशनांवर माणसे चाकांपाशी वाकून हाताने तापमान अजमावीत. घर्षणाने लोखंड लाल होते, ही गोष्ट त्यांना भीतीच्या रूपाने ठाऊक होती. पण जी उष्णता आस तोडते, तीच हवी तेथे, हवी तितकीच आणि हवी तेव्हा निर्माण केली तर धातू जोडूही शकेल, हा विचार या साऱ्यांच्या अनुभवात दडून बसलेला होता.

हा विचार उघड होण्यास वेळ लागला. 1891 साली अमेरिकेत बेव्हिंग्टन नावाच्या गृहस्थाने घर्षणाच्या उष्णतेने नळ्या जोडण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. पण ते फारसे पुढे गेले नाही. 1956 च्या सुमारास सोव्हिएत रशियात चुडिकोव्ह नावाच्या कारागिराने लेथवर प्रयोग करून ही पद्धत व्यवहारात उतरवून दाखविली. तो विद्यापीठाचा प्राध्यापक नव्हता, यंत्रावर काम करणारा माणूस होता, हे आम्ही मुद्दाम सांगतो. त्यानंतर व्हिल या संशोधकाने तिचे शास्त्र मांडले आणि 1960 नंतर अमेरिकेत व इंग्लंडात ती कारखान्यांत रूढ झाली. पद्धत ऐकावयास सोपी आहे. एक दांडा यंत्रात धरून जोराने फिरवावयाचा आणि दुसरा स्थिर दांडा त्याच्या तोंडाशी दाबावयाचा. तोंडे एकमेकांवर घासतात, तापतात, मऊ होतात. तोंडावरचा ऑक्साइड आणि मळ मऊ धातूबरोबर बाहेर ढकलला जाऊन सांध्याभोवती कॉलरसारखा गोळा होतो. मग फिरणे एकदम थांबवून दाब वाढवावयाचा. काही सेकंदांत जोड तयार होतो. येथे नवसागर नाही, डाख नाही आणि मुख्य म्हणजे वितळणे नाही. कल्हईवाल्याच्या बोळ्याने जे काम केले तेच काम येथे धातूच धातूवर करतो.

आता कोणी म्हणेल, की हे परदेशातल्या कारखान्यांचे झाले. जळगाव-धुळ्याच्या श्रोत्यांस त्याचे काय? त्याचे उत्तर रावेर-यावलच्या केळीच्या बागेत आहे. 1960 च्या दशकाच्या अखेरीस भुसावळजवळ दीपनगर येथे औष्णिक वीजकेंद्र सुरू झाले आणि त्याच सुमारास भुसावळपर्यंतचा लोहमार्गही 25,000 व्होल्टच्या विजेवर चालू लागला. विहिरींवर मोटा जाऊन पंप बसले. पंपाच्या मोटारीतील वेटोळे सहसा तांब्याचे. पण खांबांवरून येणारी तार ॲल्युमिनियमची. याला कारण आहे. ॲल्युमिनियमची विजेची वाहकता तांब्याच्या सुमारे 60 टक्के असली तरी त्याचे वजन तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी भरते. आणि आपल्या देशात तांबे थोडे, तर बॉक्साइट पुष्कळ. तेव्हा तांबे आणि ॲल्युमिनियम यांची गाठ कोठे तरी पडणार, हे ठरलेलेच.

ही गाठ नुसत्या पिळाने मारली तर काय होते, हे बागाइतदारास विचारावे. ॲल्युमिनियमवर हवा लागताच ऑक्साइडचा पापुद्रा चढतो आणि तो वीज वाहू देत नाही. विजेने तार तापली की ॲल्युमिनियम तांब्यापेक्षा अधिक फुगते, निवली की अधिक आकसते. दिवसेंदिवस पीळ सैल होतो. पावसाळ्यात ओल शिरली की दोन धातू आणि पाणी मिळून चिमुकली बॅटरीच तयार होते आणि ॲल्युमिनियम झिजू लागते. सैल सांधा तापतो, तापलेला सांधा आणखी सैल होतो आणि एक दिवस जळतो. ऐन वैशाखात केळीला पाणी लागते त्या वेळी मोटार बंद पडली, तर दोष मोटारीस दिला जातो. पण पुष्कळदा दोष त्या बोटभर सांध्याचा असतो. यावर उपाय म्हणून एका बाजूने तांबे आणि दुसऱ्या बाजूने ॲल्युमिनियम असलेल्या जोडटोप्या मिळतात. त्यांना बायमेटल लग म्हणतात. त्यांतले दोन धातू कारखान्यात बहुधा याच घर्षणजोडाने एकजीव केलेले असतात. ॲल्युमिनियमची तार ॲल्युमिनियमच्या तोंडात आणि तांब्याचा भाग तांब्याच्या खिळ्याला. भांडण मिटले, ते मध्यस्थाच्या पोटात.

परंतु त्या पोटात काय चालते? तेथेही तोच तिसरा पदार्थ आहे. तांबे आणि ॲल्युमिनियम 548 अंशांच्या पुढे एकमेकांत मिसळून वितळू लागतात, आणि त्याखालीही तापलेल्या सीमेवर दोघांची ठिसूळ संयुगे वाढतात. त्यांचा थर एक-दोन मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतका, असेल तर सांधा बळकट. तो कित्येक पटींनी वाढला तर सांधा धक्क्याने काचेसारखा तडकतो. उष्णता कमी दिली तर जोड धरत नाही; जास्त दिली तर थर जाड होतो. कल्हईवाल्याच्या भट्टीवर जी अडचण होती, नेमकी तीच येथे उभी आहे.

येथे वीज मदतीस येते. वीज आणि दोन धातूंचा सांधा यांचा संबंध जुना आहे. व्होल्टाने 1800 साली दोन भिन्न धातूंच्या चकत्यांचीच रास रचून पहिली बॅटरी केली. 1821 साली सीबेक याने दाखविले, की दोन धातूंचा सांधा तापविला की वीज वाहू लागते. 1834 साली पेल्तिए याने उलट दाखविले, की अशा सांध्यातून वीज सोडली तर तिच्या दिशेप्रमाणे सांधा थोडा तापतो किंवा थोडा निवतो. म्हणजे सांधा हा विजेच्या दृष्टीने मुका नाही. 1886 हे साल तर दोन्ही अंगांनी महत्त्वाचे आहे. त्या वर्षी हॉल आणि हेरू यांनी परस्परांना न कळता विजेच्या साहाय्याने स्वस्त ॲल्युमिनियम काढण्याची रीत शोधली, आणि त्याच वर्षी एलिहू थॉमसन याने विजेच्या प्रवाहाने धातू जोडण्याचे पेटंट घेतले. जो धातू जोडावयास अवघड तो आणि जोडण्याचे नवे साधन, दोन्ही एकाच वर्षी जगाच्या हाती आली.

अलीकडे या दोन वाटा एकत्र आणण्याचे प्रयोग चालू आहेत. दोन दांडे घासत असतानाच त्यांच्या सीमेवर विद्युत्क्षेत्र लावावयाचे. धातूच्या पोटात विद्युत्क्षेत्र म्हणजे व्यवहारात विजेचा प्रवाहच. कारण धातू विजेला अडवून धरीत नाही. हा प्रवाह तीन प्रकारे उपयोगी पडू शकतो. एक, जेथे दोन तोंडे टेकतात तेथेच विरोध अधिक असल्यामुळे उष्णता नेमकी तेथेच उत्पन्न होते. सारा दांडा तापवावा लागत नाही. दोन, प्रवाहामुळे कठीण धातू थोडा मऊ पडतो. त्यामुळे दाब आणि वेळ कमी पुरतात. तीन, आणि हेच सर्वांत मनोरंजक, वाहते इलेक्ट्रॉन आपल्याबरोबर अणूंनाही किंचित ढकलतात. त्यामुळे प्रवाहाच्या दिशेप्रमाणे सीमेवरचा तो ठिसूळ थर वाढविता किंवा रोखता येतो. दिशा चुकली तर लाभाऐवजी हानीही होऊ शकते. म्हणून केवळ वीज जोडून भागत नाही. किती, केव्हा आणि कोणीकडून, हे ठरवावे लागते.

इतके ऐकल्यावर आपल्या ध्यानात येईल, की साधने बदलली तरी प्रश्न बदललेला नाही. स्वच्छ तोंड, बेताची उष्णता, थोडे घासणे, योग्य वेळी थांबणे आणि मधला थर पातळ राखणे, ही पंचसूत्री कल्हईवाल्याच्या हातात होती आणि विजेच्या प्रयोगशाळेतही तीच आहे. फरक इतकाच, की एकाने ती डोळ्याने व कानाने ओळखली आणि दुसऱ्याने ती सूक्ष्मदर्शकाखाली मोजली.

आणि येथेच आमच्या विषयाची खरी निकड आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी 1892 साली लोखंडाच्या धंद्यावर निबंध लिहिला, तेव्हा या देशातील जुनी धातुविद्या परदेशी मालापुढे कशी मावळत आहे याची चिंता त्यांना होती. ते सरकारी नोकरीच्या निमित्ताने काही काळ धुळ्यासही होते. आज मावळत आहे ती केवळ विद्या नव्हे, तर तिची आठवण. स्टीलची भांडी घरोघरी आली आणि कल्हईची भट्टी विझली. त्याबद्दल शोक करण्याचे कारण नाही, कारण स्टीलने गृहिणीचे कष्ट कमी केले. शोक करण्याजोगी गोष्ट ही, की भट्टी विझताना तिच्यामागचे ज्ञान कोणी विचारून घेतले नाही. भांडे पुरेसे तापले हे तो कशावरून ओळखी? कथलात शिसे मिसळलेले आहे हे त्याला कांडी वाकविताना कसे कळे? कुऱ्हाडीला पोलाद बसविताना लोहार लोखंडाचा कोणता रंग पाही? या प्रश्नांची उत्तरे सांगू शकतील अशी वृद्ध माणसे आपल्या गावांत अजून आहेत. पण फार काळ राहणार नाहीत.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत आज अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत, धुळ्यास इतिहास संशोधनाची परंपरा आहे. यांनी मिळून एक लहानसे काम करावे, अशी आमची सूचना आहे. विद्यार्थ्यांनी तांबट, लोहार, सोनार व कल्हईवाले यांच्याकडे वही घेऊन जावे. त्यांची अवजारे, त्यांचे शब्द, त्यांच्या रीती लिहून घ्याव्यात. आणि त्यांनी जोडलेला एखादा सांधा कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा व तो त्यांनाही दाखवावा. याने इतिहासाला कागदाबाहेरचा पुरावा मिळेल आणि विद्यार्थ्याला हे कळेल, की ज्या थराची जाडी तो मायक्रॉनमध्ये मोजतो त्याची काळजी त्याच्या गावात कोणीतरी पिढ्यान्‌पिढ्या घेत आला आहे. पुस्तक आणि हात हेही आपल्याकडे दोन भिन्न धातूंसारखेच वेगळे राहिले आहेत. त्यांच्यावर साचलेला पापुद्रा प्रथम खरवडला पाहिजे. सांधा त्यानंतर धरेल.